नदीचं नियमन (बेळगाव सीमाभाग)

धरणं, बंधारे, कालवे बांधून नदीत पाणी कधी आणि किती सोडायचं हे माणसानं ठरवणं म्हणजे नदीचं नियमन. पाणी अडवलं की खाली नदी आटते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरी भानगड वेळेची आहे, कारण मासे, वाळू, काठावरची झाडं पावसाच्या टायमिंगवर चालतात आणि धरणाचे गेट चालतात ऊस अन् विजेच्या टायमिंगवर.

सोपं उदाहरण चढणीच्या माशांचं. मृगाचा पाऊस लागून ओढ्याला गढूळ पाणी आलं की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, खानापूरकडं पोरं बुट्टी घेऊन ओढ्यात उतरतात ते तेव्हाच. पाणी वाढलं, गार झालं, गढूळलं, ही माशांना खूण असते. पण जून-जुलैत धरण भरायचं काम चालू असतं, त्यामुळं खालच्या माशांना ही खूणच नीट पोचत नाही, आणि पोचली तरी वर भिंत आडवी. (घटप्रभा नदीवरचा गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा तसाही कुठल्या माशाला चढता येत नव्हता, ते पाप धरणाचं नाही.) त्याच घटप्रभेवर वर हिडकलला सुमारे ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरण आहे. अशा खोल धरणाच्या तळातनं सोडलेलं पाणी गार असतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो, अन् उन्हाळ्यात ते अचानक आलं तर माशांना फायद्यापेक्षा त्रासच जास्त.

निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा, दूधगंगेवर कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालतात, वरच्या अंगाला पाणी फुगतं, मोटारी चालू होतात, आणि बंधाऱ्याच्या खाली शेवाळलेले दगड उघडे पडतात. नदी म्हणजे मग एकापाठोपाठ एक ठेवलेल्या टाक्या. साचल्या पाण्यात मळी, सांडपाणी, खताचा अंश मुरतो, केंदाळ माजतं, चिलापीसारखे कुठंही तग धरणारे मासे वाढतात आणि वाहत्या पाण्यातले मागं पडतात.

गाळाचं गणित वेगळंच. गाळ धरणात बसतो, खाली येतं ते निवळ पाणी, आणि त्याच्यात गाळ वाहायची ताकद शिल्लक असते म्हणून ते तळ अन् काठ खरवडत जातं. वरनं नवी वाळू येत नाही, आहे ती उपसली जाते, म्हणून डोह आणि वाळूचे पट्टे दोन्ही जातात.

मलप्रभा कणकुंबीला उगवते, सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थला अडते. धरण १९७०च्या दशकातलं. पुढं रामदुर्गकडं वर्षातले बरेच महिने नदी इतकी बारीक असते की लोकांनी पात्रातच शेती केली, काठावरची झाडंझुडपं गेली, आणि ऑगस्ट २०१९ला धरण भरून गेट उघडल्यावर ते पाणी गावांत घुसलं. छोटे पूर थांबले की मोठ्या पुराची आठवण राहत नाही, नदीलाही नाही अन् माणसालाही नाही.

कृष्णेचं दुखणं वरचं आहे. महाराष्ट्रात तिला मिळणाऱ्या कोयनेच्या पाण्याचा मोठा हिस्सा वीज करून पश्चिमेला समुद्राकडं जातो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये अथणी-चिकोडीकडं पात्र कोरडं पडलं की कर्नाटक महाराष्ट्राकडं पाणी सोडायची मागणी करतं. बोलणी होतात ती पिण्याच्या आणि पिकाच्या पाण्याची. पर्यावरणीय प्रवाह, म्हणजे नदी जिवंत राहण्यापुरतं हंगामाप्रमाणं कमीजास्त सोडायचं पाणी, त्या हिशोबात क्वचितच येतो. बरगे दरवर्षी पुराच्या भीतीनं काढतात, चढणीच्या माशांसाठी चार दिवस आधी काढा असं कोणी म्हणत नाही.