पार्श्वभूमी : म्युऑनचा जॉब तोच, ड्रॉइंग बदललं

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद. त्याचे प्रयोगातले माप सिद्धांताशी जुळत नाही, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये ‘निसर्गातले पाचवे बल सापडले’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या होत्या. जून २०२५ मध्ये त्या बातम्यांमागच्याच शिकागोजवळच्या प्रयोगाने म्युऑनच्या चुंबकीय गुणधर्माचा आपला शेवटचा आकडा दिला, तोवर ते बल कुठे गेले याची कुणी फारशी विचारपूसही केली नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माणसाला हे पटकन समजेल. जॉब (यंत्रावर घडवलेला सुटा भाग) मायक्रोमीटरवर घेतला, ड्रॉइंगशी माप जुळेना, म्हणून लाल खूण करून रिजेक्शनच्या ट्रेमध्ये टाकला. काही दिवसांनी पार्टीकडून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. त्यात माप वर सरकलेले, टॉलरन्सही, म्हणजे चालून जाणारा फरक, थोडा सैल. ट्रेमधला जॉब न घासता पास! इथे जॉबचे माप म्हणजे प्रयोग आणि ड्रॉइंग म्हणजे सिद्धांत.

म्युऑनच्या आकड्याची सुरुवात ०.००११६५९ अशी आहे आणि तिच्यावर वाद नाही. भांडण पुढच्या चार अंकांचे. २०२० मध्ये जगभरच्या सिद्धांतवाल्यांनी एकमताने जो आकडा ठरवला त्यात ते १८१० होते, अनिश्चितता ४३. नवी-जुनी मोजमापे एकत्र करून प्रयोगाचे २०२१ मध्ये आले २०६१, २०२३ मध्ये २०५९, २०२५ मध्ये २०७२. अनिश्चितता ४१ वरून २२ आणि शेवटी साधारण १५. म्हणजे प्रयोग जागचा हलला नाही, फक्त धारदार होत गेला. मे २०२५ मध्ये सिद्धांताचा नवा आकडा आला : २०३३, अनिश्चितता ६२. फरक उरला ३९. अनिश्चिततेच्या आतच.

जुना इतिहास थोडक्यात. या मापनाची सुरुवात १९५९ मध्ये जिनिव्हाजवळ झाली, पुढची मोठी फेरी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. तिथल्या २००१ च्या आकड्यात २.६ सिग्माचा (म्हणजे अनिश्चिततेच्या २.६ पट) फरक दिसला आणि गवगवा झाला. वर्ष संपायच्या आत सिद्धांताच्या हिशोबातल्या एका पदाचे चिन्हच उलटे धरले होते हे उघड झाले आणि फरक १.६ सिग्मावर आला. अधिक-उण्याची चूक आपल्याकडे दहावीच्या पोरालाही भोवते, हा दिलासा. पुढे २०१३ मध्ये तेच १४ मीटर व्यासाचे चुंबकाचे वलय बार्जवर चढवून, फ्लोरिडाला वळसा घालून, नद्यांमधून शिकागोकडे नेले. प्रवास सुमारे ५,००० किलोमीटरचा.

नव्या जागी एक पथ्य कडक पाळले गेले. मोजमाप ज्या घड्याळावर चाले त्याची खरी वारंवारता बाहेरच्या दोनच माणसांना ठाऊक होती. विश्लेषण पूर्ण होऊन लिफाफा उघडेपर्यंत खुद्द प्रयोग करणाऱ्यांनाही आपला आकडा कळत नव्हता. त्यामुळे मोजणाऱ्यांवर ‘हवे तसे आणले’ असा संशय घ्यायला जागाच राहिली नाही.

खरी गुंतागुंत ड्रॉइंगवाल्यांकडे होती. म्युऑनभोवतीच्या निर्वातात क्वार्कांची (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांची) जी क्षणिक ये-जा चालते, तिचा वाटा कागदावर सहज निघत नाही. २०२० मध्ये तो इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या (इलेक्ट्रॉनच्या धनभारित जोडीदाराच्या) टकरींच्या मोजणीवरून काढला होता. त्या मोजण्यांत इटलीतली आणि कॅलिफोर्नियातली एकमेकींशी जुळत नव्हतीच. सरासरी घेतली, अनिश्चितता वाढवली आणि पुढे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नोवोसिबिर्स्कहून तिसरीच मोजणी आली. ती दोघींपेक्षा वरची होती आणि तिथल्याच आधीच्या मोजणीशीही जुळेना. इकडे महासंगणकांवर अवकाश-काळाची जाळी आखून केलेला हिशोब प्रयोगाच्या बाजूला झुकत होता. त्यातला पहिला ठसठशीत हिशोब एप्रिल २०२१ मध्ये त्या गाजलेल्या घोषणेच्याच दिवशी छापून आला होता, पण बातमी झाली ती दुसरीच.

२०२५ मध्ये टकरींच्या मोजण्या बाजूला ठेवून केवळ जाळीच्या हिशोबावर आकडा बेतायचे ठरले. यावरच आक्षेप आहे. न जुळणारे वगळले आणि जुळणारे ठेवले, असे म्हणणारे म्हणतात, आणि वरवर पाहता दिसतेही तसेच. माझ्या मते निर्णय बरोबर होता. जाळीचे हिशोब एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे केले आणि ते एकमेकांशी जुळले. टकरींच्या मोजण्या मात्र आपसातच भांडत होत्या. पण ‘सिद्धांत आणि प्रयोग जुळले’ हे वाक्य जरा घाईचे आहे.

घोळ ‘विसंगती’ या एका शब्दाचा आहे. प्रयोग विरुद्ध सिद्धांत ही पहिली विसंगती, ती मिटली. जाळी विरुद्ध टकरी ही दुसरी, आणि टकरी विरुद्ध टकरी ही तिसरी. या दोन्ही उभ्याच आहेत. सिग्माचेही तसेच. २०२३ चा ५.१ सिग्मा हा २०२० च्या सिद्धांताशी लावलेला होता. प्रयोगाचा शेवटचा आकडा नव्या सिद्धांताशी लावला की ०.६ उरतो. सिग्मा काढताना फरकाला भागायचे ते दोन्ही बाजूंच्या अनिश्चिततेने, हे मथळ्यात मावत नाही.

जपानमध्ये टोकाई इथे आता वेगळ्या तऱ्हेने मापन करायची तयारी चालू आहे. म्युऑन आधी जवळजवळ थांबवून, थंड करून पुन्हा पळवायचे, म्हणजे त्यांना फिरवणारे वर्तुळ मोठ्या परातीएवढे, ६६ सेंटिमीटर व्यासाचे पुरते. जिनिव्हाजवळ म्युऑन थेट इलेक्ट्रॉनांवर आदळवून क्वार्कांचा तो वाटा तिसऱ्या वाटेने काढायचा घाट घातला आहे. इटली, कॅलिफोर्निया आणि नोवोसिबिर्स्क यांत चुकले नेमके कोण, याचा उलगडा मात्र अजून झालेला नाही.