अवांतर वाचन (इंग्रजी शिक्षणातील)

अवांतर वाचन : इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा नाही, अशा विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची, सोपी आणि स्वतः निवडलेली इंग्रजी पुस्तके भरपूर वाचावीत, यासाठी शाळेने वेळ, पुस्तके आणि सोबत देण्याची पद्धत. शिक्षणशास्त्रात तिला ‘विस्तृत वाचन’ म्हणतात. ‘सखोल वाचन’ हा तिचा जोडीदार. त्यात एखादा उतारा घेऊन शब्दार्थ फळ्यावर लिहितात, व्याकरण सोडवतात आणि खालच्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. आपल्या माध्यमिक वर्गांत इंग्रजीच्या तासाला बहुतेक हेच चालते. ‘अवांतर’ या शब्दाला मूळ विषय सोडून केलेली गोष्ट अशी छटा आहे, आणि दहावीच्या वर्षात पालक तो नेमका त्याच अर्थाने वापरतात. परकी भाषा शिकणाऱ्या मुलासाठी मात्र हे वाचन विषयाच्या गाभ्यातले आहे. उताऱ्यावरून भाषेची माहिती होते, पण वाक्ये कानात बसायला पानेच्या पाने डोळ्यांखालून जावी लागतात.

परकीय भाषेच्या अध्यापनात ही संज्ञा रुजवण्याचे श्रेय इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरॉल्ड पामर यांना दिले जाते. तिला वर्गात उतरवणारे मोठे काम मात्र आपल्या उपखंडात झाले. मायकेल वेस्ट १९१२ मध्ये भारतीय शिक्षण सेवेत दाखल झाले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचा त्यांचा अभ्यास १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विमा व्यवहारातला एक शब्द शिक्षणाला लावला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी बंद केली तर जे हाती पडते, ती तिची सरेंडर व्हॅल्यू. बंगालमधली पुष्कळ मुले शिक्षण पुरे होण्याआधीच शाळा सोडत. दोन-तीन वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या पदरात काय पडले, असा वेस्ट यांचा प्रश्न होता. बोलण्याची चार वाक्ये वापराअभावी विसरली जातात आणि अर्धवट व्याकरणाचा उपयोग होत नाही. सोपे पुस्तक वाचता येऊ लागले असेल, तर मात्र ते मूल शाळा सुटल्यावरही शिकत राहू शकते. म्हणून वाचन आधी, असे त्यांचे म्हणणे. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही आठवी-नववीत गळणाऱ्या प्रत्येक मुलाबाबत विचारावा असा आहे.

त्या काळच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येत, हा दोष वेस्ट यांनी हेरला. त्यांनी नेहमीचे शब्द आधी घेतले, नव्या शब्दांमध्ये अंतर ठेवले आणि आलेला शब्द पुन्हापुन्हा येईल अशी रचना केली. त्यांची वाचनमाला लाँगमन्स या प्रकाशनसंस्थेने काढली. आजच्या श्रेणीबद्ध गोष्टीपुस्तकांची ती पूर्वज. सुमारे २,००० उपयुक्त इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये आली आणि अनेक दशके प्रमाण मानली गेली. भारतीय शाळांत ‘रॅपिड रीडर’ किंवा ‘नॉन-डिटेल्ड’ म्हणून नेमली जाणारी पुस्तके याच जातीची. पण त्यांच्यावरही परीक्षेत प्रश्न येऊ लागले, प्रश्नांमागून गाइडे आली, आणि गोष्ट न वाचताच तिचा सारांश पाठ होऊ लागला.

पुस्तक किती सोपे असावे, याला संशोधनाने बऱ्यापैकी नेमके उत्तर दिले आहे. हू आणि नेशन या दोन भाषा-अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, कुणाची मदत न घेता गोष्ट नीट समजायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. आपल्या पाठ्यपुस्तकातला धडा या कसोटीला लावून पाहिला, की मुले त्याला का बिचकतात ते कळते. तो धडा शिक्षकाच्या मदतीने शिकण्यासाठी असतो, एकट्याने वाचण्यासाठी नसतो. वर्गात वापरायचा ठोकताळा सोपा आहे : मधले एखादे पान उघडायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे, आणि मूठ वळली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवायचे.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग फिजी बेटांवर झाला. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मांगूभाई यांनी ग्रामीण भागातल्या आठ शाळांना इंग्रजी गोष्टींची सचित्र पुस्तके पुरवली, प्रत्येक वर्गाला सुमारे २५०. ‘पुस्तकांचा पूर’ या अर्थाच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. चौथी-पाचवीतल्या या मुलांची घरची भाषा फिजियन किंवा फिजी हिंदी होती. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर गोष्ट वाचत, काहींत मुले रोज थोडा वेळ मूकवाचन करत. तुलनेसाठी निवडलेल्या चार शाळांत नेहमीचा, वाक्यरचना घोकण्यावर भर देणारा अभ्यासक्रम चालू राहिला. १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्याच वर्षात पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांच्या जवळपास दुप्पट होती, आणि दुसऱ्या वर्षी हा फायदा इतर भाषिक कौशल्यांतही दिसला. मुले प्राथमिक शाळेतली असल्याने हे निष्कर्ष माध्यमिक वर्गांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

माध्यमिक वयाची अडचण वेगळीच आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात क्रिकेट, प्रेम, भुते, अन्याय, पैसा असे सगळे विषय असतात. त्याच्या इंग्रजीला झेपणारे पुस्तक मात्र ससा-कासवाचे निघते. ते हातात घेतलेले मित्रांनी पाहिले तर त्याला लाज वाटते. इंग्लंडमधल्या शाळांत आज साधारण पाचातल्या एका विद्यार्थ्याची घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी असते, आणि मधल्याच इयत्तेत परदेशातून येऊन बसणाऱ्या मुलांबाबत तिथल्या शिक्षकांना हाच पेच पडतो. भाषा सोपी पण विषय मोठ्यांचा, अशी पुस्तके हा त्यावरचा उपाय. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरकही येथे ध्यानात ठेवावा लागतो. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षे लागतात. चुरूचुरू बोलणारे मूल इतिहासाच्या पुस्तकात अडखळते, ते आळसाने नव्हे.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे मराठी माध्यमातला नववीचा विद्यार्थी आठ वर्षे इंग्रजी शिकलेला असतो, तरी या काळात त्याने एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले नाही, असे सहज घडते. देवनागरी आपण लिहितो तशीच बहुतांशी वाचतो. इंग्रजीत ‘थ्रू’ (through), ‘दो’ (though) आणि ‘कॉफ’ (cough) या तिन्हींची शेवटची चार अक्षरे एकच. त्यामुळे मुले प्रकट वाचनाला घाबरतात. एकेकाला उभे करून परिच्छेद वाचायला लावण्याच्या प्रथेत हे भय वाढते, आणि उच्चार सांभाळताना अर्थ निसटतो. अशा मुलांना मूकवाचन किंवा ध्वनिमुद्रण ऐकत केलेले वाचन मानवते. मराठीतून माहीत असलेली गोष्ट इंग्रजीत दिली तर निम्मे ओझे उतरते. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुक्त संकेतस्थळावर अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, चार पातळ्यांवर मिळतात. राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. एका दिवसापेक्षा आठवड्याच्या वेळापत्रकात बसवलेली वीस मिनिटे अधिक कामाची.

रिचर्ड डे आणि ज्युलियन बॅमफर्ड या अभ्यासकांनी २००२ मध्ये या पद्धतीची दहा तत्त्वे मांडली. पुस्तक सोपे असावे, निवड वाचणाऱ्याची असावी, वाचनाचे बक्षीस वाचनच असावे, शिक्षकाने स्वतः वाचताना दिसावे, ही त्यांतली महत्त्वाची. वर्गात सर्वांत आधी मोडते ते निवडीचे तत्त्व. आवडले नाही तर पुस्तक अर्धवट टाकण्याची मुभा मुलांना क्वचितच असते. वाचून झाले की सारांश लिहून आणायला सांगितला, की पुढचे पुस्तक मुले पानांची जाडी पाहून निवडतात. गहाळ होतील या धास्तीने कुलपात ठेवलेली पुस्तके हा दुसरा अडथळा. चार पुस्तके हरवली, फाटली तर तो खर्च वाचनाचा म्हणूनच धरायला हवा.

या पद्धतीबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये नोंदवले, की वर्गातल्या नुसत्या मूकवाचनाने वाचन सुधारते असे ठरवण्याइतका प्रायोगिक पुरावा उपलब्ध नाही. वाचताना एकदा भेटलेला शब्द सहसा टिकत नाही. तो निरनिराळ्या वाक्यांत पुन्हापुन्हा भेटावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे वाचन फार मोठे असते. लेखनातली अचूकता केवळ वाचनाने येत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक शिकवणे आणि अवांतर वाचन दोन्ही एकाच वेळापत्रकात ठेवण्याच्या बाजूचे आहेत.