नवी चप्पल का चावते?

माझ्या मोठ्या बहिणीच्या उजव्या करंगळीवर एक कुरूप आहे. ती ते घासते, औषधाची पट्टी लावते, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा ते डोकं वर काढतं. मागच्या महिन्यात मी तिला एका कोऱ्या कागदावर उभं केलं आणि पेन्सिल अगदी सरळ धरून पायाभोवती रेघ काढली. मग तिचा रोजचा बंद बूट त्याच आकृतीवर ठेवून त्याच्याभोवती लाल रेघ काढली. टाचेपाशी दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. चवड्यापाशी मात्र पायाची रेघ लाल रेघेच्या बाहेर गेली होती, करंगळीकडे तर पेन्सिलच्या जाडीहून जास्त. तेवढा पाय ती रोज सकाळी आत कोंबत होती. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "नंबर तर बरोबर आहे गं."

नंबर खरोखरच बरोबर होता.

असाच प्रयोग अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सक कॅरल फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर केला होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३५६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ८८ टक्के जणींचे बूट पायापेक्षा लहान निघाले. ८० टक्के जणींनी बुटात पाय दुखतो असं सांगितलं आणि ७६ टक्के जणींच्या पायाच्या पुढच्या भागात काही ना काही विकृती होती. पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाच्या अँड्र्यू बुल्ट आणि हिल्टन मेन्झ यांनी या विषयावरचा तोवरचा अभ्यास एकत्र तपासला. स्त्री-पुरुष दोघांचा विचार केला तरी ६३ ते ७२ टक्के लोकांचं पादत्राण लांबीला किंवा रुंदीला पायाशी जुळत नव्हतं. इतक्या सगळ्यांना आपला नंबर माहीत नाही असं म्हणणं मला पटत नाही. खोट त्या नंबरातच आहे.

बूट पायावर बेतून शिवला जात नाही, तो फर्म्यावर ओढला जातो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा. डब्यावरचा नंबर मूळचा या फर्म्याचा असतो, तुमच्या पायाचा नव्हे. युरोपातल्या पद्धतीत फर्म्याची लांबी सेंटिमीटरचे दोन तृतीयांश या टप्प्यांनी मोजतात, म्हणून ३८ नंबरचा फर्मा साधारण २५.३ सेंटिमीटरचा भरतो. त्यात पाय मावतो २४ सेंटिमीटरच्या आसपासचा. मधली जागा बोटांना हालचालीसाठी सोडलेली असते आणि ती किती सोडायची हे प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवतो. कुणी एक सेंटिमीटर सोडतो, कुणी दीड. म्हणून एका कंपनीचा ३८ सैल होतो आणि दुसऱ्या कंपनीचा घट्ट. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. तीन जवांचा एक इंच या जुन्या मोजणीतून तो आला, म्हणजे आपण आजही पाय जवाच्या दाण्यांनी मोजतो. अमेरिकेत बायकांचे आणि पुरुषांचे नंबर वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात, त्यामुळे एकाच लांबीच्या पायाला तिथे साधारण दीड नंबराचा फरक पडतो. मिलिमीटरमध्ये पायाचीच लांबी-रुंदी सांगणारी मॉन्डोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे. स्कीच्या बुटांना आणि काही देशांच्या लष्करात ती वापरतात. बायकांच्या सँडलच्या डब्यावर ती क्वचितच दिसते.

नंबरांचा हा गोंधळ एक वेळ सोसता येईल. खरा प्रश्न असा की नंबर फक्त लांबी सांगतो. पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, त्याला रुंदी आहे, उंची आहे, कमान आहे, टाचेचा घेर आहे. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन तरुणाला हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. वडिलांच्या चपलांच्या दुकानात काम करता करता त्याने १९२०च्या दशकात पाय मोजायचं धातूचं उपकरण तयार केलं. ते तीन गोष्टी मोजतं: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, पायाची रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप फार मोलाचं, कारण चालताना पाय तिथेच दुमडतो. एकाच लांबीच्या दोन पायांपैकी एकाची बोटं आखूड आणि तळवा लांब असू शकतो, दुसऱ्याचं नेमकं उलट. बूट भलत्याच ठिकाणी दुमडायला लागला की वरची घडी बोटांवर चढते आणि टाच मागून निसटते. मग आपण म्हणतो, चप्पल चावते.

रुंदीला जागा हवी म्हणून पुष्कळ जणी एक नंबर मोठा घेतात. त्याने चवड्याला थोडा श्वास मिळतो, कारण नंबर वाढला की फर्म्याचा घेरही थोडा वाढतो. पण लांबीही वाढते, दुमडण्याची जागा पुढे सरकते आणि टाच आत खेळायला लागते. टाच घसरू नये म्हणून पायाची बोटं नकळत आखडून तळाला धरून ठेवतात. दिवसभर असं चाललं तर संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, आणि त्याचं खापर वयावर किंवा वजनावर फोडलं जातं.

मग दुकानं वेगवेगळ्या रुंदीचे बूट का ठेवत नाहीत? हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एका डिझाइनचे आठ नंबर धरा. अर्धे नंबर धरले तर पंधरा. प्रत्येक नंबराला अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तीन रुंदी दिल्या तर पंचेचाळीस. रंग तीन असतील तर एकशे पस्तीस. एकाच डिझाइनचा प्रत्येकी एकच जोड ठेवायचा म्हटला तरी दुकानदाराला १३५ डबे लागतील. कारखान्याला प्रत्येक रुंदीसाठी वेगळे फर्मे आणि चामडं कापायचे वेगळे साचे लागतात. सोल ओतून बनवायचे असतील तर धातूचे महागडे साचेही वाढतात. पुरुषांचा साधा काळा बूट वर्षानुवर्षं तसाच विकला जातो, त्यामुळे साच्यांचा खर्च सावकाश भरून निघतो. बायकांच्या बाजारात हंगाम पालटला की नवी टाच, नवं टोक, नवा पट्टा येतो. डिझाइनचं आयुष्य जितकं कमी, तितकी रुंदीवर पैसा घालायची तयारी कमी. निवड भरपूर दिसते खरी, पण ती सगळी रंगांत आणि रूपात असते. भिंतभर मांडलेल्या जोडांना आतून मोजलं तर मधली तीच एक रुंदी पुन्हा पुन्हा सापडेल.

माप ठरवून ढिगाने बूट करायची ही पद्धत फार जुनी नाही. सुरिनाममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेतल्या लिन गावी कामाला आलेला यान मॅटझेलिगर याने १८८३ मध्ये फर्म्यावर चामडं ओढून बसवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. तोवर हे काम हातानेच व्हायचं आणि तरबेज कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करायचा. यंत्र दीडशे ते सातशे जोड करू लागलं. बूट स्वस्त झाले, सामान्य माणसाच्या पायात आले, आणि हे मोठंच काम झालं. आज जगात वर्षाला वीस अब्जांहून अधिक जोड तयार होतात. पण पायाला हात लावून माप घेणारा माणूस त्या ओघात मागे पडला.

बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान आवृत्ती, हा समज या व्यवसायात दीर्घकाळ टिकून होता. आजही तो पुरता गेलेला नाही. रोश्ना वुंडरलिश आणि पीटर कॅव्हना यांनी २००१ साली ७८४ माणसांच्या पायांच्या मापांवरून दाखवलं की कमान, पायाची बाहेरची कड, अंगठा आणि चवडा यांच्या घडणीत स्त्री-पुरुषांमध्ये फरक असतो, आणि पुरुषांचा फर्मा नुसता आखूड करून तो भरून निघत नाही. युरोपियन क्लब असोसिएशनने २०२३ मध्ये युरोपातल्या व्यावसायिक महिला फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ८२ टक्के जणींना बुटांमुळे खेळताना त्रास होत होता. पाय हेच ज्यांचं पोट, त्यांची ही स्थिती.

आणखी एक गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही. बाळंतपणानंतर पाय वाढू शकतो, आणि वाढलेला तसाच राहतो. आयोवा विद्यापीठातल्या नील सीगल यांच्या गटाने ४९ गर्भवतींचे पाय आधी आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजले. ६० ते ७० टक्के जणींच्या पायांची लांबी २ ते १० मिलिमीटरनी वाढली होती. २०१३ मध्ये आलेल्या या अभ्यासात हा बदल मुख्यतः पहिल्या खेपेला दिसला. कमान थोडी खाली बसते, तळवा पसरतो. लग्नाआधीचा नंबर पाठ असलेली बाई बाळंतपणानंतर तोच मागते, आणि बूट आवळतो तेव्हा सूज उतरायची वाट बघत बसते. सूज कधीच उतरलेली असते, आता पायच तेवढा झालेला असतो.

उंच टाचांबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात सांगते. टाच उचलली की शरीराचा भार चवड्यावर सरकतो आणि पाय उतारावरून घसरल्यासारखा बुटाच्या टोकात जाऊन बसतो. तिथे टोक निमुळतं असेल तर बोटांची काशी होते. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ नेमाने उंच टाच वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले स्नायुतंतू दहा टक्क्यांहून अधिक आखूड झालेले २०१० सालच्या एका अभ्यासात आढळले. त्यांच्या पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा जाड आणि ताठर झाली होती. म्हणूनच अशी सवय असलेल्या बाईला सपाट चप्पल घातल्यावर पोटरीत ओढ लागते, आणि सपाट चप्पल आपल्याला मानवत नाही असं तिला वाटतं.

पण यावरून 'बायकांना मिरवायची हौसच भारी' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मला केंब्रिजमधले सांगाडे दाखवावेसे वाटतात. तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगठा शेजारच्या बोटांकडे वळून त्याच्या बुडाशी हाड पुढे येतं, त्या विकृतीच्या खुणा संशोधकांनी शोधल्या. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत त्या ६ टक्के होत्या, चौदाव्या-पंधराव्या शतकात २७ टक्के. मधल्या काळात लांब टोकदार बूट घालायची लाट आली होती, आणि ती पुरुषांमध्ये जोरात होती. सगळ्यात जास्त प्रमाण, ४३ टक्के, मठात पुरलेल्यांमध्ये निघालं. पाय कुणाचाही असो, टोकदार बुटात घातला की हाड वाकतं. त्या पुरुषांची ती लाट ओसरली, बायकांच्या बाजारात टोक राहिलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुकानांत पायाचा एक्स-रे दाखवणारी यंत्रंसुद्धा आली होती. बुटातली हाडं हिरवट उजेडात दिसत आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसे. किरणोत्साराचा धोका लक्षात आल्यावर ती हटवली गेली. आता फोनचा कॅमेरा पायाचं त्रिमितीय चित्र काढतो. चांगलंच आहे. पण पायाची सगळी मापं कळली तरी बुटाची आतली लांबी आणि रुंदी डब्यावर छापलेली नसते, मग ती जुळवायची कशाशी? हे दोनच आकडे छापायची सक्ती झाली तर चांगलीच उलथापालथ होईल असं मला मनापासून वाटतं.

दुकानात निर्णय कसा होतो तेही पाहा. बूट बसून घातला जातो. बसलेल्या पायावर भार नसतो. उभं राहिलं की तो लांबतो आणि पसरतो. दिवसभरात पाय सुजतो, म्हणून सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दोन पाय क्वचितच सारखे असतात, पण घालून बघतात एकच. आणि विक्रेत्याचं ते ठरलेलं वाक्य, "वापरून सैल होईल." चामडं थोडं सैल होतं हे खरं. आजच्या पुष्कळ जोडांचा वरचा भाग कृत्रिम असतो, आणि तो फारसा ताणला जात नाही. त्यात सैल व्हायचं काम पायाला करावं लागतं.

न बसणारा जोड घरी आला की पुढे काय होतं, ते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९९९ साली नेमकं लिहून ठेवलं. त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. दुकानात छान वाटलेले बूट पहिल्याच दिवशी टोचतात. किंमत जितकी जास्त, तितक्या जास्त वेळा माणूस ते घालून बघतो. मग घालणं थांबतं, पण टाकवत नाहीत, आणि जितके महाग तितके जास्त काळ ते कपाटात राहतात. दिलेला पैसा मनात हळूहळूच जिरतो.

बहिणीच्या कपाटात असे चार जोड निघाले. त्यातला एक जेमतेम दोनदा घातलेला, डब्यात कागद गुंडाळून ठेवलेला. हातात घेतला तर सोलचे तुकडे बोटांना चिकटून आले, ओल्या बिस्किटासारखे. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांचं असंच होतं. हवेतली वाफ त्यांच्या रेणूंमधले बंध तोडत राहते, त्यातून निघणारं आम्ल तोडण्याचा वेग आणखी वाढवतं. बूट वापरा की नुसता ठेवा, हे चालूच असतं.

ते चारही जोड तिने बाजूला काढले. मग मी आखलेला पाय कात्रीने कापून घेतला आणि त्याची घडी पर्समध्ये ठेवली. नवा बूट आवडला की आधी कागद आत सरकवायचा. कडा दुमडल्या तर पायात घालूनही पाहायचा नाही, असं आमचं ठरलं. परवा संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. पाच जोडांत कागद दुमडला, सहाव्यात सपाट पसरला. तो घालून ती दुकानभर दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "जरा थांब, अजून एक फेरी मारते."