हृदयातली 0.1 सेकंदाची उसंत

रविवारी सकाळी पर्वती उतरताना शेजारचे काका गप्प गप्प होते. ईसीजीच्या कागदावर ‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’ असं छापून आलेलं आणि घरी स्टेंटच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू झालेली. एका शब्दापायी अख्ख्या घराची झोप उडाली, म्हणून हे लिहितो आहे.

आपण ‘ब्लॉक निघाले’ म्हणतो ते कोरोनरी धमन्यांमधल्या अडथळ्यांना. या धमन्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात, अँजिओग्राफी त्यांचीच होते आणि स्टेंटही त्यांच्यातच बसतो. डॉक्टरांचा ‘हार्ट ब्लॉक’ वेगळा. तो विजेच्या वाटेवरचा खोळंबा.

ही वाट फार सुंदर आहे. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, वरच्या भागात सायनस नोड हा पेशींचा पुंजका असतो. विश्रांतीत तिथून मिनिटाला 60 ते 100 वेळा विजेची लाट निघते आणि दोन्ही अलिंदांत पसरते. खाली निलयांत, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांत, मात्र ती थेट शिरू शकत नाही, कारण मधली तंतुमय चौकट वीज वाहू देत नाही. वाट एकच, अलिंदं आणि निलयं यांच्या मधल्या एव्ही नोड या पुंजक्यातून. तिथे लाट सुमारे 0.1 सेकंद रेंगाळते. तिथल्या पेशी बारीक, त्यांना एकमेकींशी जोडणारे मार्ग कमी, शिवाय त्या उद्दीपित होतात सोडियमच्या झपाट्याने नव्हे, तर सावकाश आत येणाऱ्या कॅल्शियममुळे. तेवढ्या उसंतीत अलिंदं उरलंसुरलं रक्त निलयांत ढकलून मोकळी होतात. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करून 1906 साली या नोडचं वर्णन केलं. सायनस नोड कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांना सापडला 1907 मध्ये. वाट आधी कळली, उगम नंतर!

ईसीजीवर ही उसंत पीआर अंतरात, म्हणजे अलिंदांची लाट सुरू झाल्यापासून निलयांची सुरू होईपर्यंतच्या वेळात, मोजली जाते; हे अंतर एरवी 0.12 ते 0.20 सेकंद. ते त्याहून जास्त झालं की फर्स्ट डिग्री: प्रत्येक लाट पोचते, फक्त उशिरा. सेकंड डिग्रीत काही लाटा गळतात. थर्ड डिग्रीत एकही पोचत नाही, निलयं स्वतःच्या संथ तालावर चालतात, चक्कर येते आणि बहुधा पेसमेकर लागतो.

आलं-लसूण-लिंबाच्या काढ्याने ‘ब्लॉक विरघळतात’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्याने ना धमनी मोकळी होते ना हा नोड सुधारतो. त्या भरवशावर गोळ्या सोडणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो, याचा मला मनापासून संताप येतो.

काकांचं पीआर अंतर होतं 0.22. डॉक्टरांनी आधी चालू गोळ्यांची यादी मागितली. त्यात बीपीसाठी मेटोप्रोलॉल निघाली, आणि ती एव्ही नोडचा वेग कमी करते. स्टेंटचा विषय निघालाच नाही.