धातू झाडात कुठे थांबतो?

ज्या मातीत मीठ आणि जड धातू एकत्र साठले आहेत, तेथे नेहमीची धातुशोषक झाडे लावून फारसे साधत नाही. ती आधी मिठानेच कोमेजतात. शिवाय मिठातील क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाऊन त्याला मातीच्या कणांपासून सुटे करते, त्यामुळे खाऱ्या जमिनीत हा विषारी धातू अधिक सहज हिंडतो. अशा ठिकाणी उपयोग होतो तो लवणवनस्पतींचा. पाण्यात लिटरमागे सुमारे १२ ग्रॅम मीठ असतानाही ज्या आपले जीवनचक्र पूर्ण करतात, त्यांना साधारणपणे ही संज्ञा लावली जाते, आणि एकूण वनस्पतिजातींत त्यांचे प्रमाण जेमतेम १ टक्का आहे.

नको असलेले सोडियम या वनस्पती पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवतात आणि बाकीच्या पेशीद्रवातले पाणी तिकडे ओढले जाऊ नये म्हणून त्यात प्रोलीनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवतात. धातूंनाही पुष्कळदा याच रिक्तिकांत डांबले जाते, त्यामुळे मिठासाठी केलेली तयारी धातूंविरुद्धही कामी येते.

पण कोणती वनस्पती कशासाठी लावायची, हे धातू तिच्यात कुठे थांबतो यावर ठरते. तो पानाखोडांत चढत असेल, तर कापणीबरोबर जमिनीबाहेर काढता येतो. मुळांतच राहत असेल, तर जमीन स्वच्छ होत नाही, मात्र धातूचा प्रसार रोखला जातो, आणि माझ्या मते मोठ्या क्षेत्रावर हेच उद्दिष्ट अधिक व्यवहार्य आहे. झाऊ या खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपाची गोष्ट न्यारी आहे. तो पानांवरील लवणग्रंथींतून मिठाबरोबर कॅडमियमही बाहेर टाकतो, पण ते पावसाने धुपून पुन्हा बुंध्याशीच येऊ शकते!

प्रदूषणावर नजर ठेवतानाही हाच प्रश्न उभा राहतो. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या मुळांतील शिसे, तांबे आणि जस्त यांचे प्रमाण भोवतालच्या गाळातील प्रमाणाबरोबर वाढते, म्हणून ती मुळे प्रदूषणाची चांगली नोंदवही ठरतात. पाने तोडणे सोपे असले, तरी त्यांवर तितके विसंबता येत नाही, कारण शिसे तेथवर फारसे पोहोचत नाही आणि तांब्यासारख्या गरजेच्या धातूचा पुरवठा झाड स्वतःच आवरते.

शोषणासाठी लावलेल्या झाडांची कापणी पानगळीपूर्वी व्हायला हवी, अन्यथा काढलेला धातू पाचोळ्यातून मातीत परततो. कापलेला पाला जनावरांना घालता येत नाही. तो जाळला, तरी धातूयुक्त राखेची सुरक्षित विल्हेवाट लावावीच लागते.