न जाणारी खाज आणि पेशींचे निरोप

उन्हाळ्यात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या कुठल्याही औषध दुकानात थोडा वेळ थांबा. "नायट्याचं मलम द्या" हे कानावर पडणारच. बहुतेकांना नायटाच असतो. घाम, घट्ट पॅंट, तालमीत अंगाला अंग घासणं, बुरशीला आणखी काय लागतं? पण कंबर, मांडी, नितंब अशा ऊन न लागणाऱ्या जागी बारीक खपलीचा, किंचित सुरकुतलेला चट्टा वर्षानुवर्षं ठाण मांडून असेल आणि कुठल्याच मलमाला दाद देत नसेल, तर एका दुर्मीळ आजाराची शंका घ्यायला हवी. तो म्हणजे त्वचेतल्या टी पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचं, मायकोसिस फंगॉइडिसचं, पहिलं वर्णन फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी १८०६ मध्ये केलं.

टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या काहींच्या पृष्ठभागावर सीसीआर४ नावाचा रिसेप्टर असतो. त्वचेने सोडलेले रासायनिक संकेत तो ओळखतो आणि पेशी रक्तातून त्वचेत उतरते. जंतूचा बंदोबस्त झाला की आतले संदेश थांबतात, पेशीही निवृत्त होते. लिम्फोमात एकाच पेशीची पिलावळ वाढत राहते. जनुकांतल्या बिघाडांमुळे एनएफ-कप्पा-बी किंवा स्टॅट३ हे संदेशमार्ग थांबतच नाहीत; कुणी हाक मारलेली नसतानाही पेशीला "वाढ, जगत राहा" असा हुकूम मिळत राहतो.

सुरुवातीला शेजारच्या निरोगी टी पेशी या पिलावळीला आवरून धरतात, म्हणून आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो. आजार पुढे सरकला की पारडं फिरतं. रोगट पेशी इंटरल्युकिन-४ आणि १३ ही पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं सोडू लागतात, त्यामुळे मारक पेशींचा जोर ओसरतो आणि त्वचेचं संरक्षक आवरणही कमकुवत होतं. तिथे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू फोफावतो आणि त्याची विषं पुन्हा स्टॅट३ चेतवतात. काही रुग्णांत नुसत्या अँटिबायोटिकने चट्टे काही काळ शमले, ते यामुळेच.

खाजेचाही मार्ग वेगळा असतो. इंटरल्युकिन-३१ थेट मज्जातंतूंना चेतवतं. ॲलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाची भूमिका इथे गौण असते. ॲलर्जीची गोळी घेऊनही रात्रभर खाजवणाऱ्या माणसाला "मनाचे खेळ आहेत" म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

आपल्याकडे गव्हाळ-सावळ्या कातडीवर, विशेषतः तरुणांत, हा आजार फिकट पांढऱ्या डागांच्या रूपातही येतो. मग कोड किंवा कुष्ठरोग समजून घरात लपवाछपवी सुरू होते. त्यात चिठ्ठीशिवाय घेतलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम! चट्टा चार दिवस दबतो, मलम सोडलं की परततो, आणि तपासणीतली खूणही पुसट होते. माझ्या मते या आजाराच्या निदानात सर्वांत मोठी खीळ हीच आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात अतिनील किरणांच्या उपचारांनी आजार चांगला काबूत राहतो आणि बहुतेकांच्या आयुर्मानात फारसा फरक पडत नाही. पुढच्या टप्प्यांसाठी सीसीआर४ वरच नेम धरणारं मोगॅम्युलिझुमॅब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. निदानासाठी मात्र बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, लागतेच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा किंवा खासगी तज्ज्ञाकडे, आजवर लावलेल्या मलमांच्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या. पहिल्या तुकड्यात काही ठोस दिसलं नाही आणि डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं, तर जरूर जा. या आजारात दुसरी-तिसरी बायोप्सी लागणं नेहमीचंच आहे.