खाणीतल्या हवेनं दिलेला धडा

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात तेच पुन्हा सैल होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली लाकडी फळ्यांवरची शेकडो वर्षं जुनी चित्रंही वर्षानुवर्षं अशीच फुगत-आकसत होती. त्या चित्रकारांनी फळीवर सरस घालून पांढरं अस्तर चढवलं आणि त्यावर रंगवलं. ओल शोषली की लाकूड रेषांना आडवं फुगतं, अस्तर मात्र तितकं ताणलं जात नाही. मग रंगाला फुगवटे येतात, खपल्या सुटतात.

गंमत म्हणजे लंडनमध्ये खरा त्रास हिवाळ्यात. बाहेरची 0 अंशाची हवा ओलसर वाटते, पण थंड हवेत बाष्प मावतंच थोडं. तीच हवा आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी हवेत प्रत्यक्ष असलेला वाटा, फार तर 26 टक्के उरते. माणसं ऊबेला बसतात आणि फळ्या सुकत जातात.

याचा निर्विवाद पुरावा मिळाला तो युद्धामुळे. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी 1941 मध्ये चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. व्हॅन डाइकनं काढलेलं चार्ल्स राजाचं अश्वारूढ चित्र आत जावं म्हणून खाणीचं तोंड सुरुंग लावून मोठं केलं! आत विटांच्या खोल्या बांधल्या. तिथली थंड, दमट हवा नुसती तापवून सुमारे 17 अंश तापमान आणि 42 टक्के आर्द्रता बारा महिने राखली. खपल्या जवळजवळ थांबल्या. 1945 मध्ये चित्रं लंडनला परतली आणि खपल्या पुन्हा सुटू लागल्या. चित्रं तीच होती, बदलली होती ती हवा. एवढा स्वच्छ प्रयोग कुणी ठरवूनही केला नसता.

1950 च्या सुमारास गॅलरीत वातानुकूलन येऊ लागलं, तेही सगळीकडे एकदम नाही. इथे वातानुकूलन म्हणजे नुसता गारवा नव्हे. उन्हाळ्यात हवा इतकी थंड करायची की बाष्पाचं पाणी होऊन गळावं, मग ती पुन्हा तापवायची. हिवाळ्यात उलट बाष्प मिसळायचं.

पण इमारत 1838 ची. 20 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेच्या हवेतलं बाष्प सुमारे 11 अंशांहून गार पृष्ठभागावर पाणी होऊन जमतं. हिवाळ्यात जुनी भिंत आणि छताची काच त्याहून गार असू शकते. म्हणजे चित्र वाचवताना वास्तूच ओली व्हायची! जगभरच्या जुन्या संग्रहालयांपुढे हा पेच आहे. म्हणून आता अनेक मोठी संग्रहालयं बहुतेक वस्तूंसाठी 40 ते 60 टक्क्यांची मोकळी मर्यादा स्वीकारतात.

फार नाजूक फळी असेल, तर मला काचेची बंद पेटी अधिक शहाणपणाची वाटते. अख्खं दालन सांभाळण्यापेक्षा पेटीभर हवा सांभाळणं कितीतरी सोपं. आत सिलिका जेल ठेवतात. औषधाच्या बाटलीतल्या पुडीत असतं तेच, पण इथे ते आधीच ठरावीक ओल मुरवून ठेवतात. पेटीतली आर्द्रता वाढली की ते बाष्प शोषतं, घटली की परत देतं, आणि त्यासाठी वीज लागत नाही.